यंत्रकथा : वाळूत पुरलेली मोटार

मोडक्या यंत्राचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे कोणास फारसा पडत नाही. दारावर भंगारवाला येतो, तराजू धरतो, भावाची थोडी घासाघीस होते आणि काल घरचे असलेले यंत्र आज लोखंडाच्या भावाने निघून जाते. परंतु वाचकहो, १९२७ सालच्या मार्च महिन्यात वेल्समधील पेंडाइन नावाच्या समुद्रकाठच्या गावी एका मोटारीच्या वाट्याला निराळीच गती आली. तिला भंगारात विकले नाही की दुरुस्तीस धाडले नाही. किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत खड्डा खणून तिला पुरून टाकण्यात आले. मृताच्या मित्रांनीच ती पुरली, आणि त्या वेळी त्यात कोणास काही वावगेही वाटले नाही. बेचाळीस वर्षांनंतर एका गृहस्थाने ती उकरून काढली, तेव्हा मात्र वाद माजला. या महिन्यात त्या मोटारीची आणि त्या वादाची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. अशा जुन्या मोटारींना इंग्रजीत ‘व्हिंटेज’ म्हणतात आणि आपली वृत्तपत्रेही तोच शब्द जसाच्या तसा छापतात. मुळात हा शब्द द्राक्षांच्या हंगामाचा. अमुक सालच्या द्राक्षांची मदिरा, असा त्याचा अर्थ. तेथून तो मोटारींच्या गावी आला. भाषांतराचा धंदा करणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यास ‘पुराणी’ म्हणावे की ‘जुन्या घडणीची’ म्हणावे, हा पेच नेहमीच पडतो. ‘पुराणी’ म्हटले की ती खटारा वाटू लागते, ‘ऐतिहासिक’ म्हटले की तिच्यावर शिवरायांची स्वारी गेली असावीशी वाटते. इंग्लंडात १९३४ साली स्थापन झालेल्या या छंदाच्या एका मंडळाने आपल्यापुरता पेच सोडवून टाकला आहे : पहिल्या महायुद्धानंतर आणि १९३० साल संपण्यापूर्वी जी बनली ती ‘व्हिंटेज’. आमची मोटार या व्याख्येत चपखल बसते. तिचे नाव ‘बॅब्ज’.

बॅब्जला हे नाव मिळण्यापूर्वी तिचा एक जन्म होऊन गेला होता. कँटरबरी शहराजवळ हायम नावाच्या वाड्यात काउंट लुई झ्बोरोव्स्की हा अतिशय श्रीमंत तरुण राहत असे. युद्ध नुकतेच संपले होते, विमानांची इंजिने ढिगांनी पडून होती आणि ती स्वस्तात मिळत होती. ही इंजिने मोटारीच्या सांगाड्यात बसविली तर काय होईल, अशी कल्पना त्याच्या डोक्यात आली. क्लाइव्ह गॅलप या कुशल अभियंत्याच्या साहाय्याने त्याने अशा गाड्या बनविल्या. त्यांतील ‘चिटी बँग बँग’ हे नाव मुलांना ठाऊक असेल. इयान फ्लेमिंग या लेखकाने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बालकथेतील उडत्या मोटारीस तेच नाव थोड्या फरकाने दिले. परंतु झ्बोरोव्स्कीची सर्वांत प्रचंड गाडी ती नव्हे. ती ‘हायम स्पेशल’. तिच्यात अमेरिकेत महायुद्धाच्या काळी तयार झालेले ‘लिबर्टी’ जातीचे बारा नळकांड्यांचे विमानी इंजिन होते. त्या नळकांड्यांचे एकूण आकारमान २७ लिटर ! आपल्या रस्त्यांवरील लहान कुटुंबवत्सल मोटारीचे इंजिन एक ते सव्वा लिटरचे असते, हे ध्यानी घेतले म्हणजे वीसांहून अधिक मोटारींची इंजिने एकाच बोनेटखाली कोंबल्यासारखे ते होते, असे म्हणावयास हरकत नाही. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेण्यासाठी मात्र युद्धापूर्वीच्या एका बेन्झ शर्यती-मोटारीची गतिपेटी आणि दोन साखळ्या बसविल्या होत्या. या साखळ्या आपण लक्षात ठेवाव्यात. पुढे सारे दूषण त्यांच्याच माथी आले.

झ्बोरोव्स्कीला ही गाडी मनाजोगी पळविण्यास आयुष्य पुरले नाही. त्याचा पिता १९०३ साली फ्रान्समध्ये ला तुर्बी येथील घाटाच्या शर्यतीत मरण पावला होता. पुत्र १९२४ सालच्या ऑक्टोबरात इटलीतील मोंझा येथे शर्यतीत झाडावर आदळून गेला, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. पित्याच्या बाहीची बटणे त्या दिवशी पुत्राने घातली होती, अशी आख्यायिका शर्यतींच्या दुनियेत अद्यापि सांगतात. आम्ही तीस आख्यायिका म्हणूनच येथे नोंदवितो.

काउंटच्या मागे उरलेल्या वस्तूंत ती अर्धवट राहिलेली हायम स्पेशल होती. ती १२५ पौंडांस विकली गेली. घेणारा होता जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस.

या मनुष्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण वेगाच्या उच्चांकामागे धावणारे त्या काळचे बहुतेक वीर पैशाने तरी मोठे होते नाही तर नावाने तरी. थॉमस हा मुळात कारागीर. वेल्समधील रेक्सहॅम येथे १८८५ साली त्याचा जन्म झाला. लेलँड या मोटार-कारखान्याचा तो मुख्य अभियंता झाला आणि त्याने आठ नळकांड्यांची एक आलिशान मोटार रचली. ती १९२० साली लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी डोळे विस्फारून पाहिली, पण किंमत ऐकून बहुतेक जण पुढे सरकले. जेमतेम दीड डझन गाड्या बनल्या. पुढे थॉमसने नोकरी सोडली आणि ब्रुकलँड्स येथे जाऊन राहिला. ब्रुकलँड्स म्हणजे खास मोटार-शर्यतींसाठी बांधलेला जगातील पहिला मार्ग. तो १९०७ साली खुला झाला होता. त्या मार्गाच्या वेढ्यातच एका बंगलीत हा अविवाहित गृहस्थ राही. दिवसा यंत्रे उघडी, जोडी. शर्यतीच्या दिवशी स्वतःच हाकी. अंगात बहुधा विणलेला नक्षीदार स्वेटर असे. ज्याला गाडीचा प्रत्येक खिळा ठाऊक आहे तोच ती चालवीत आहे, असा योग शर्यतींच्या इतिहासात फार वेळा येत नाही, आणि आमच्या मते थॉमसचे मोठेपण तेथेच आहे.

हायम स्पेशल हाती येताच त्याने तिचे इंजिन आपल्या रीतीने सुधारले. त्यात स्वतः आखलेले दट्टे घातले, चार कार्ब्युरेटर बसविले, आणि गाडीचे नवे नाव ठेवले बॅब्ज. मग तो तिला घेऊन पेंडाइनला आला.

पेंडाइनच का ? भूवेगाचा उच्चांक म्हणजे जमिनीवरून चाकांच्या गाडीने गाठलेला सर्वाधिक वेग. तो मोजताना गाडी आधीच पूर्ण वेगात आलेली असावी लागते. मग मोजलेल्या एका किलोमीटरातून अथवा मैलातून ती जाते, वळून उलट दिशेने पुन्हा जाते, आणि दोहोंची सरासरी धरतात. वेग यावयास आधी काही मैल हवेत आणि थांबावयास नंतर काही मैल. ब्रुकलँड्सचा वाटोळा मार्ग यास अपुरा. पेंडाइनचा किनारा मात्र सुमारे सात मैल लांब, सपाट. ओहोटीनंतर त्याची ओली वाळू घट्ट बसते. ही घट्ट वाळू नुसती पाहावयास गुळगुळीत. तिच्यात शिंपले असतात, ओहोळ असतात, कोठे मऊ जागा दडून असतात. शिवाय समुद्र कोणासाठी थांबत नाही. भरतीपूर्वीच्या चार घटकांत काय ते उरकावे लागे.

२७ व २८ एप्रिल १९२६ या दोन दिवसांत थॉमसने बॅब्जमधून ताशी १७१ मैलांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर वेग गाठला. मोजलेला किलोमीटर ती १३ सेकंदांत ओलांडत होती. त्यापूर्वीचा उच्चांक हेन्री सीग्रेव्हने दीडच महिना आधी केला होता; तो १५२ मैलांचा. एका झेपेत एकोणीस मैलांची भर ! आणि ती कशात, तर मृत मनुष्याच्या सामानातून १२५ पौंडांस उचललेल्या, दुसऱ्याच्या हौसेसाठी जन्मलेल्या गाडीत.

प्रतिस्पर्ध्यांनी हे मुकाट्याने गिळले असते तर आमची कथा येथेच संपती. परंतु माल्कम कॅम्बेलने भरपूर द्रव्य खर्चून ‘ब्लू बर्ड’ नावाची गाडी या एकाच कामासाठी बांधविली, आणि ४ फेब्रुवारी १९२७ रोजी त्याच पेंडाइनच्या वाळूवर जवळजवळ १७५ मैलांचा वेग नोंदविला. तिकडे सीग्रेव्हसाठी दोन विमानी इंजिनांची ‘हजार अश्वशक्ती’ची सनबीम गाडी तयार होऊन अमेरिकेला निघण्याच्या बेतात होती. ती एकदा धावली म्हणजे बॅब्जसारख्या गाडीचा काळ संपला, हे थॉमसास इतरांहून अधिक कळत असले पाहिजे. उच्चांक परत घ्यावयाचा तर तो त्या काही आठवड्यांतच घ्यावयास हवा होता.

थॉमस मार्चच्या आरंभी पेंडाइनला आला तेव्हा नुकत्याच झालेल्या इन्फ्लुएन्झाने तो अशक्त होता. ३ मार्चला बॅब्ज वाळूवर उतरली. काही फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत पूर्ण वेगात असताना गाडी एकाएकी कलंडली, उलटी-सुलटी होत घसरत गेली आणि पेटली. लोक धावत पोहोचले तेव्हा थॉमस गतप्राण झालेला होता. डोक्यास झालेली इजा प्राणघातक होती. त्याचे वय ४१ होते. भूवेगाच्या उच्चांकाच्या प्रयत्नात प्राण गमावलेला पहिला चालक म्हणून त्याचे नाव सांगतात.

त्याचे दफन ब्रुकलँड्सजवळच्या बायफ्लीट गावच्या चर्चच्या आवारात झाले. गाडीचे दफन पेंडाइनला. स्मृतिचिन्हाच्या लोभाने कोणी तिचे तुकडे पळवू नयेत म्हणून आसने फाडली, मापनयंत्रांच्या तबकड्या फोडल्या आणि मग वर वाळू लोटली, असे सांगतात. त्यानंतर तीन आठवडे आणि काही दिवस लोटले, आणि २९ मार्च रोजी सीग्रेव्हने अमेरिकेत डेटोना येथील किनाऱ्यावर २०३ मैलांचा टप्पा ओलांडला. बॅब्ज पुन्हा कधी उच्चांकाच्या जवळपास फिरकू शकली नसती, हे उघड झाले. जगाने पान उलटले.

एक गोष्ट मात्र मागे राहिली, ती म्हणजे अपघाताचे कारण. लोकांनी ते तत्काळ ठरवून टाकले होते. उजव्या बाजूची साखळी तुटली, चाबकासारखी उसळली आणि तिनेच थॉमसचा प्राण घेतला, ही गोष्ट वृत्तपत्रांतून पुस्तकांत गेली आणि पुस्तकांतून पुन्हा वृत्तपत्रांत आली. ती पटण्यासारखीही होती. आपल्या सायकलीची साखळी उतरली तर पायजम्याची वाट लागते. येथे शेकडो घोड्यांचा जोर ओढणाऱ्या पोलादी साखळ्या चालकाच्या अगदी शेजारून धावत होत्या. साखळी ही जुनी पद्धत, थॉमसने ती ठेवावयास नको होती, असा शहाणपणाचा सूर त्यात मिसळला. म्हणजे अपघाताचा दोष हळूच मृत अभियंत्याच्या पदरात पडला. सीग्रेव्हच्या विजयी सनबीममध्येही साखळ्याच होत्या, पोलादी कवचात झाकलेल्या, ही गोष्ट सांगण्याची आठवण मात्र फार थोड्यांना झाली.

या प्रवादाची शहानिशा कशी व्हावी ? पुरावा वाळूखाली होता. दरम्यान तो भाग लष्करी खात्याकडे गेला, तेथे शस्त्रास्त्रांच्या चाचण्या होऊ लागल्या, आणि बॅब्जच्या नेमक्या जागेचीही लोकांस विस्मृती पडत चालली.

ओवेन विन ओवेन हे वेल्समधील अभियांत्रिकीचे अध्यापक. जुन्या मोटारी दुरुस्त करण्याचा त्यांना नाद होता. बॅब्ज बाहेर काढावी असे त्यांच्या मनाने घेतले आणि लष्करी खात्याची परवानगी, नातलगांचा शोध, गावकऱ्यांची समजूत या लांबलचक खटपटीनंतर १९६९ साली त्यांनी ती बाहेर काढली.

गावकऱ्यांचा विरोध क्षुद्र होता असे आम्हांस वाटत नाही. ज्यांनी थॉमसला पाहिले होते अशी माणसे अद्याप हयात होती. त्यांच्या लेखी ती जागा समाधीसारखी होती. मृताच्या मित्रांनी शोकाने जे झाकले ते आपल्या कुतूहलासाठी उघडण्याचा अधिकार तिऱ्हाइतास कोणी दिला ? कोणी याला हौस म्हणे, कोणी अनाचार. याउलट ओवेन यांच्या बाजूनेही बोलावयास पुष्कळ होते. खाऱ्या हवेत आणि ओल्या वाळूत लोखंड कणाकणाने विरत होते. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी उघडावयास तेथे काहीच उरले नसते. थॉमसचे शरीर बायफ्लीटला विसावले होते. पेंडाइनला पुरले होते ते त्याचे काम. कारागिराचे काम कुजू देणे हा त्याचा मान की अवमान ? आमचा कौल विचाराल तर तो ओवेन यांच्याकडे जातो. तथापि कोणी दुसरा कौल दिला तर त्याच्याशी भांडण्याची आमची तयारी नाही.

बाहेर आले ते पाहून खुद्द जाणकारही विचारात पडले असतील. वरचा पत्रा क्षाराने खाल्ला होता, पुष्कळ भाग चिरडलेला आणि गंजलेला होता. परंतु जाड धातूचे भाग, सांगाडा आणि इंजिनाचा बराच अंश, अपेक्षेहून पुष्कळ बरा टिकला होता. आणि मग बेचाळीस वर्षे ज्या साखळीला दूषण लागले तिची पाळी आली. अवशेषांच्या तपासणीतून जो तर्क पुढे आला, तो असा की साखळी हे मूळ कारण असणे संभवनीय दिसत नाही. मागचे उजवे चाक आधी निकामी झाले असावे आणि पुढचा सारा अनर्थ त्यातून झाला असावा. या गाडीस तारांच्या आऱ्यांची चाके होती. ताशी १७० मैलांच्या वेगात, खळग्या-शिंपल्यांच्या वाळूवर, एका चाकाच्या आऱ्यांनी हाय खाल्ली तर गाडी कलंडावयास क्षणही लागत नाही, आणि तशा कोलमडीत साखळी तुटली तर ती परिणाम म्हणून तुटेल. ज्यांनी बॅब्ज पुरली त्यांच्या मनात हे कधीच नव्हते. पण वाळूने त्यांच्या नकळत साक्षीदार जपून ठेवला. ती गाडी त्या दिवशी भंगारात गेली असती तर साखळीवरचा आरोप कायमचा शाबूत राहिला असता.

पुढची कित्येक वर्षे ओवेन त्या सांगाड्यात गुंतून राहिले. हरवलेल्या भागांसाठी दुसऱ्या लिबर्टी इंजिनांचे सुटे भाग मिळवावे लागले, पत्रा नव्याने घडवावा लागला. अखेरीस ते २७ लिटरचे इंजिन पुन्हा गर्जू लागले आणि बॅब्ज स्वतःच्या जोरावर लोकांपुढे धावली.

येथे एक चिकित्सक वाचक हात वर करील आणि विचारील, की नवा पत्रा, परके सुटे भाग. मग ही बॅब्ज ती बॅब्जच का? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, तेव्हा ढासळलेल्या भिंतीच्या जागी नवा चिरा येतो आणि तरीही देऊळ तेच म्हणतात. परंतु मूळ दगडावर तैलरंग फासला की जाणकार हळहळतात. बॅब्जच्या बाबतीत तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा, कारण १९२६ सालीही ती एका बेन्झची गतिपेटी, एका विमानाचे इंजिन आणि एका काउंटचा सांगाडा यांची मिळून बनलेली होती. जन्मतःच जी जोडकाम, तिच्यात आणखी एक जोड बसल्याने तिची जात बदलत नाही, असे आम्हांस वाटते. जे नवे घातले ते नवे आहे हे लपवून ठेवू नये, एवढी अट मात्र असावी.

हा केवळ विलायतेतील वाद नव्हे. आपल्या केंद्र शासनाने २०२१ साली जुन्या मोटारींच्या नोंदणीसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले आणि मोठी फेररचना न झालेले वाहनच त्यांत बसते. त्याच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि ते रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे ‘मूळ स्वरूप’ कशास म्हणावे, हा पेंडाइनच्या वाळूत निघालेला प्रश्न आता आपल्या परिवहन कार्यालयांच्या मेजांवरही येऊन बसला आहे. आपल्या कोणा वाचकांच्या घरी आजोबांची झाकून ठेवलेली गाडी असेल, तर चकचकीत रंग देण्यापूर्वी, चाके बदलण्यापूर्वी तिची छायाचित्रे अवश्य काढून ठेवावीत, आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून जपावा. गंजलेला भागही बोलतो, हे बॅब्जने दाखविले आहे.

बॅब्ज आज वर्षातील काही काळ पेंडाइनच्या भूवेग संग्रहालयात असते आणि उरलेला काळ ब्रुकलँड्सच्या संग्रहालयात, म्हणजे जेथे ती घडली आणि जेथे तिचा शेवट झाला अशा दोन्ही घरी आळीपाळीने. आपल्यापैकी कोणी मुलाबाळांकडे त्या देशी गेलेच, तर निघण्यापूर्वी ती त्या वेळी कोठे आहे याची चौकशी करावी. पेंडाइनला गेल्यास ओहोटीची वेळही पाहून ठेवावी; भरती आली की ज्या पट्ट्यावर ती धावली तो पाण्याखाली जातो.